दलाली द्यायची, पण नेमकी कशाची?

या महिन्यात आलेल्या पत्रांत घर घेणाऱ्यांची पत्रं सगळ्यात जास्त आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा राग एकाच माणसावर आहे, एजंटवर. त्यामुळे यावेळी सगळा कॉलम त्यालाच देतेय. पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, पण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत म्हणून लांबू दिलं.

प्रश्न : आम्ही सिंहगड रोडला रीसेलमध्ये 2 बीएचके घेतोय. मालक 84 लाख म्हणत होता, 78 ला ठरलं. एजंट 2 टक्के मागतोय, वर जीएसटी. फ्लॅटची जाहिरात आम्हालाच ऑनलाइन दिसली होती, तिथे नंबर याचा होता एवढंच. याने दरवाजा उघडून फ्लॅट दाखवला, दोन मिटिंगा करून दिल्या. तो विकणाऱ्याकडूनही घेणार. मग आम्ही दीड लाखाच्या वर द्यायचे ते कशाबद्दल? टोकन अजून दिलेलं नाही.
— एक वाचक, पुणे

टोकन दिलेलं नाही हे वाचून बरं वाटलं, कारण सगळं बोलणं आत्ताच करून घेता येईल, टोकन गेलं की तुमच्या हातात फार काही राहत नाही.

आधी आकडे बघू. 78 लाखांचे 2 टक्के म्हणजे 1 लाख 56 हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी 28 हजार 80, म्हणजे एकूण 1 लाख 84 हजार 80 रुपये. जीएसटी लावायचा तर त्याच्याकडे जीएसटी नंबर पाहिजे आणि तो बिलावर छापलेला पाहिजे, नंबर नसेल तर जीएसटी घेताच येत नाही. नंबर खरा आहे का ते जीएसटीच्या साइटवर लगेच दिसतं. आणि 2 टक्के हा दर कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. आपल्याकडे रीसेलला दोन्ही बाजूंकडून 1 ते 2 टक्के असा रिवाज आहे, रिवाज म्हणजे बोलून ठरवायची गोष्ट. "सगळे 2 च घेतात" असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घ्यायचं आणि तरी 1 वरून बोलणं सुरू करायचं.

आता कशाबद्दल द्यायचे. दरवाजा उघडण्याबद्दल नाही, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पूर्वी फ्लॅट कुठे रिकामा आहे ही माहितीच त्याच्याकडे असायची आणि त्याच माहितीचे पैसे होते, आता ती माहिती सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. पण म्हणून एजंटचं काम संपलं असं जे लोक म्हणतात ते मला पटत नाही, कारण रीसेलचं खरं काम टोकनपासून पुढे सुरू होतं आणि ते बहुतेकांना पहिल्यांदा घर घेताना माहीतच नसतं.

तुमच्याच व्यवहारात बघा. विकणाऱ्याचं होम लोन चालू आहे का? पुण्यात बहुतेक वेळा असतंच. असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत अडकलेले आहेत. मग त्याच्या बँकेकडून किती बाकी आहे त्याचं पत्र आणि बँकेत कुठले कागद ठेवलेत त्याची यादी काढावी लागते, ती तुमच्या बँकेला द्यावी लागते, तुमची बँक आधी त्याचं लोन फेडते, मग त्याची बँक कागद सोडते. लोन फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे, पण नियम असला तरी मागे लागणारं कुणीतरी लागतं. दोन्ही बँकांत फेऱ्या मारणं, विकणाऱ्याला सहीला वेळेवर आणणं, सोसायटीची एनओसी, मेंटेनन्सची थकबाकी, लाइट बिल नावावर करणं, रजिस्ट्रेशनची तारीख आणि वेळ घेणं. हे सगळं एजंट करणार असेल तर तो पैसे कमावतोय. हे तुम्हीच रजा टाकून करणार असाल आणि तो फक्त रजिस्ट्रार ऑफिसला फोटोपुरता उभा राहणार असेल तर नाही कमावत.

भावाचं म्हणाल तर एक हिशेब लक्षात ठेवा, मला हा हिशेब सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 84 वरून 78 ला आलात, तुमचे 6 लाख वाचले, आणि त्याच्या 2 टक्क्यांतले गेले फक्त 12 हजार. उलटं बघा, भाव 6 लाखांनी वाढला असता तरी तुमच्याकडून त्याला 12 हजारच जास्त मिळाले असते. लोकांना वाटतं एजंट भाव मुद्दाम चढवतो, तसं करणारे आहेतही, पण टक्केवारीच्या हिशेबात त्याला भाव चढवण्यात फारसा रस नसतो आणि उतरवण्यातही नसतो, त्याला रस असतो व्यवहार याच महिन्यात उरकण्यात. म्हणून "दुसरी पार्टी तयार आहे, उद्या टोकन देतायत" हे वाक्य येतं. ते वाक्य ऐकून टोकन देऊ नका. कागद बघून द्या.

कागद म्हणजे काय ते पण सांगते. आयजीआर महाराष्ट्र म्हणजे राज्याच्या नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच बिल्डिंगमधल्या आधीच्या विक्रीचे इंडेक्स 2, म्हणजे नोंदणीचे उतारे, निघतात, त्यात कुणी कुणाला कितीला विकलं, क्षेत्रफळ किती, नोंदणीची तारीख कुठली हे सगळं असतं. जाहिरातीतला भाव म्हणजे मालकाची इच्छा, इंडेक्स 2 वरचा आकडा म्हणजे निदान सरकारी कागदावर झालेला व्यवहार. चांगला एजंट हे दोन-तीन कागद स्वतःहून काढून समोर ठेवतो. तुमच्यावाल्याने ठेवले का? नसतील तर मागा. त्याचा चेहरा बघूनच तुम्हाला पुष्कळ कळेल.

मी जवळून बघितलेला औंधचा एक व्यवहार सांगते. एजंट बाई होत्या. फ्लॅट पसंत पडला, भाव ठरला, घेणारा चेक लिहायला बसला होता, तर त्या म्हणाल्या आधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन येऊ. तिथे सेक्रेटरीकडून शेअर सर्टिफिकेट मागून घेतलं आणि पाठीमागची बाजू बघितली, जिथे ट्रान्सफरच्या नोंदी असतात. विकणाऱ्याचं नावच नव्हतं तिथे. फ्लॅट वारलेल्या वडिलांच्या नावावर, हा मुलगा नॉमिनी, आणि दोन बहिणी, एक नागपूरला एक सोलापूरला. नॉमिनी म्हणजे मालक नाही हे त्या मुलालाही माहीत नव्हतं, तो काही फसवत नव्हता. बाई तिथेच म्हणाल्या, बहिणींचं हक्कसोडपत्र रजिस्टर झाल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. व्यवहार लांबला, त्या महिन्यातली त्यांची दलाली गेली, पण घेणारा माणूस कोर्टाच्या चकरांतून वाचला. याला म्हणतात कमिशन कमावणं. हे काम एका दुपारचं होतं आणि माझ्या मते ते 2 टक्क्यांच्याही वरचं होतं.

अजून एक बघा. पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 78 लाखांवर 5 लाख 46 हजार, वर रजिस्ट्रेशन फी 1 टक्का पण ती 30 हजारांच्या पुढे जात नाही. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट आहे, तुमच्या बाबतीत 78 हजार. म्हणजे "वहिनींच्या एकटीच्या नावावर घेताय का, बँकेला विचारून बघा" हे एक वाक्य वेळेवर बोलणाऱ्या एजंटने स्वतःच्या 1 टक्क्याएवढे पैसे तुम्हाला तिथेच वाचवून दिले. तसंच, घर 50 लाख किंवा त्यावरचं असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून 1 टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणजे तुमची आहे. आणि विकणारा एनआरआय असेल तर हा 1 टक्का चालत नाही, दर कितीतरी जास्त असतो, ते सीएला विचारूनच करायचं. विकणारा इथे राहतो का परदेशात हे एजंटने पहिल्याच भेटीत सांगायला पाहिजे.

टायटल सर्च, म्हणजे मालकी स्वच्छ आहे का याचा शोध, मात्र एजंटवर सोडू नका. त्यासाठी स्वतःचा वकील करा, त्याची फी वेगळी. बँकेचा वकील सर्च करतो ना, मग आपण कशाला, असं लोक म्हणतात, पण तो रिपोर्ट बँकेने तिचं लोन सुरक्षित आहे का एवढं बघायला काढलेला असतो.

आता तुम्ही काय करा. त्याच्याबरोबर बसा आणि वर लिहिलेल्या कामांतली कुठली तो करणार ते साध्या कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तो दोन्हीकडून घेतोय हे त्याने लपवलेलं नाही, चांगली गोष्ट आहे, पण मग तो फक्त तुमचा माणूस नाही, मधला माणूस आहे, आणि मधल्या माणसाला 2 टक्के मला जास्त वाटतात. 1 टक्का म्हणा, फार तर सव्वा. आणि सगळे एकदम नको, अर्धे रजिस्ट्रेशनच्या दिवशी, अर्धे किल्ली आणि मूळ कागद हातात आल्यावर. टोकनच्या वेळी दलाली अजिबात नाही. हे तो मान्य करत असेल तर पैसे आनंदाने द्या, नंतर घासाघीस करू नका.

प्रश्न : ठाण्यात घोडबंदर रोडला नवीन प्रोजेक्टमध्ये बुकिंग करतोय. ज्याने साइट दाखवली तो म्हणाला आमची सर्व्हिस फ्री आहे, बिल्डर आम्हाला देतो. आता बुकिंगच्या वेळी "फाइल चार्ज" म्हणून 50 हजार कॅश मागतोय. द्यायचे का?
— एक वाचक, ठाणे

नाही. एक रुपया नाही.

हा माणूस चॅनल पार्टनर आहे, म्हणजे बिल्डरचा माल विकणारा. त्याचं कमिशन बिल्डर देतो आणि ते पैसे शेवटी तुम्ही भरत असलेल्या किमतीतूनच निघतात, त्यामुळे फ्री हा शब्द तसाही बरोबर नाही. तुमच्याकडून वेगळं घ्यायचं त्याला काही कारण नाही आणि कॅश तर नाहीच.

त्याचा महारेरा नंबर मागा, महारेरा म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. रेरात नोंदणी केलेल्या प्रोजेक्टमधले फ्लॅट बिल्डरच्या वतीने विकायचे तर एजंटचीही नोंदणी लागते, एजंटचा नंबर 'ए' अक्षरापासून सुरू होतो आणि प्रोजेक्टचा 'पी' पासून. दोन्ही महारेराच्या साइटवर टाकून बघा. नोंदणी नसताना धंदा केला तर दिवसाला 10 हजार रुपये दंड आहे, तो त्या घराच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिवाय 2023 पासून महारेराने एजंटांना ट्रेनिंग आणि परीक्षा लावलीय, त्याचं सर्टिफिकेटही मागायला लाजू नका. (सिंहगड रोडवाल्या वाचकांनी इथे लक्ष द्या, हे सगळं बिल्डर विकत असलेल्या नव्या प्रोजेक्टपुरतं आहे. जुन्या बिल्डिंगच्या रीसेलमध्ये एजंटशी भांडण झालं तर महारेरा सहसा कामाला येत नाही, म्हणून तर तिथे लिहून घ्यायला सांगितलं.)

आता जे फारसं कुणी सांगत नाही ते. साइटवर पहिल्यांदा जाता तेव्हा रिसेप्शनला फॉर्म भरून घेतात, नाव, मोबाइल नंबर, कुणाकडून आलात. तिथे ज्या एजंटचं नाव लागलं त्याच्या खात्यावर तुम्ही जाता, मग पुढचं सगळं तुम्ही एकट्याने केलं तरी कमिशन त्याला. म्हणून पहिली व्हिजिट कुणाबरोबर करायची ते घरीच ठरवायचं. एकटे गेलात तर ते कमिशन वाचतं पण बिल्डर ते आपणहून तुम्हाला कमी करून देत नाही, मागावं लागतं. एजंटबरोबर गेलात तर त्याला आधीच विचारा, तुझ्या कमिशनमधलं मला काय सोडणार. पुष्कळ चॅनल पार्टनर थोडं सोडतात, मुंबई-ठाण्यात हे सर्रास चालतं, पण बुकिंग झाल्यावर विचारलं तर कुणी सोडत नाही.

आणि रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट व्हायच्या आधी बिल्डर 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही. तुमच्याकडून किती घेतलेत ते पत्रात नाही, तेवढं तपासा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, पहिलं घर बघतोय, साधारण 6 लाख डॉलरपर्यंत. मित्र सांगायचे की इथे घेणाऱ्याला एजंट फुकट पडतो, पैसे विकणारा देतो. पण आमच्या एजंटने घर दाखवायच्या आधीच अडीच टक्क्यांच्या करारावर सही मागितली. फसवतेय का?
— एक वाचक, एडिसन

फसवत नाहीये. तुमच्या मित्रांनी घर घेतल्यानंतर नियम बदलले.

आधी पद्धत अशी होती की विकणारा एकूण 5-6 टक्के द्यायचा आणि त्याचा एजंट त्यातला वाटा घेणाऱ्याच्या एजंटला द्यायचा, वाटा किती ते एमएलएसवर, म्हणजे विक्रीच्या घरांच्या एजंटांमधल्या सामायिक यादीवर, एजंटांना दिसायचं. घेणाऱ्याला वाटायचं आपल्याला फुकट. ऑक्टोबर 2023 मध्ये मिझुरीतल्या ज्यूरीने या पद्धतीविरुद्ध जवळपास 1.8 अब्ज डॉलरचा निकाल दिला, मग मार्च 2024 मध्ये एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने 41 कोटी 80 लाख डॉलरची तडजोड मान्य केली. 17 ऑगस्ट 2024 पासून तो वाटा एमएलएसवर टाकायला बंदी आहे आणि घर दाखवायच्या आधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. करारात मोबदला स्पष्ट आकड्यात पाहिजे, आणि त्यापेक्षा जास्त तिला कुणाकडूनच घेता येत नाही. ओपन हाउसला, म्हणजे घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवतात तेव्हा, तुम्ही दोघंच गेलात तर कराराची गरज नाही.

6 लाखांचे अडीच टक्के म्हणजे 15 हजार डॉलर. एवढे पैसे नावानिशी कागदावर दिसले की प्रश्न पडणारच आणि पडायलाच पाहिजे, मला हा बदल चांगला वाटतो. हा दर बोलून कमी करता येतो, ठरावीक रक्कमही ठरवता येते. सहा महिन्यांचा करार करू नका, महिन्याभराचा करा, बाई चांगल्या निघाल्या तर वाढवाल. ऑफर देताना तिची फी विकणाऱ्याने द्यावी अशी मागणी अजूनही करता येते, बरेच विकणारे देतातही, पण तो नाही म्हणाला तर काय हे आत्ताच विचारून ठेवा, कारण करारावर सही तुमची आहे.

ती पैसे कमावतेय का हे तिच्या कामावरून कळेल. न्यू जर्सीत जुन्या घरांच्या अंगणात जमिनीखाली हीटिंग ऑइलची टाकी गाडलेली असू शकते आणि ती गळली असेल तर माती साफ करायचा खर्च मालकाच्या, म्हणजे उद्या तुमच्या डोक्यावर येतो. जुनं घर बघताना तिने स्वतःहून टाकी शोधायची तपासणी सुचवली का? जमिनीतून घरात येणाऱ्या रेडॉन या घातक वायूची टेस्ट? आणि घर खरेदीच्या एजंटने भरलेल्या छापील कॉन्ट्रॅक्टवर सही झाल्यावर तुमच्या राज्यात वकिलाला तपासायला तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात वकील ते रद्दही करू शकतो. हे तिने सहीच्या आधी सांगितलं, तुमचा वकील आधीच ठरवून ठेवायला लावला, तर समजा माणूस बरोबर आहे.

प्रश्न : एजंटने नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट दाखवला, आम्हाला दर जास्त वाटला म्हणून नाही म्हणालो. नंतर वॉचमनकडून मालकाचा नंबर मिळाला आणि परस्पर बोलणं झालं. मालक म्हणतो एजंटला सांगूच नका, दोघांचे वाचतील. चालेल ना?
— एक वाचक, नाशिक

माझ्या मते नाही चालणार. तो फ्लॅट तुम्हाला त्याच्यामुळे माहीत झाला, गाठ त्याच्यामुळे पडली. लेखी काही नसलं तरी गाठ घालून देणाऱ्याला मोबदला मागता येतो, आणि व्हिजिटचे मेसेज, फोनचे रेकॉर्ड त्याच्याकडे असणारच. पूर्ण दलाली द्या असं मी म्हणत नाही, कारण पुढचं काम त्याने केलेलं नाही. त्याला फोन करा, मालकाशी बोलणं झालंय हे स्पष्ट सांगा आणि अर्ध्यावर मिटवा, वाटलं तर कागदपत्रांचं काम त्यालाच देऊन थोडे वाढवा. आणि मालकाकडेही जरा नीट बघा, जो माणूस पहिल्याच बोलण्यात एकाला टाळायला सांगतो त्याचे कागद मी दोनदा तपासून घेईन.

प्रश्न : मी स्वतः डोंबिवलीत एजंट आहे. लोक रविवारी येतात, आठ-दहा फ्लॅट बघतात, माझी गाडी, माझं पेट्रोल, आणि मग दुसऱ्याकडून घेतात किंवा फोनच उचलत नाहीत. दहातल्या एका व्यवहारातून बाकी नऊ जणांचा खर्च काढावा लागतो. लोकांना फक्त शेवटचा चेक दिसतो. आम्ही काय करायचं?
— एक वाचक, डोंबिवली

तुमचं पत्र मुद्दाम शेवटी घेतलं, कारण वरच्या सगळ्यांनी ते वाचावं असं वाटतं. दर चढा वाटण्याचं खरं कारण तुम्हीच लिहिलंय, जो घेतो तो न घेणाऱ्यांचेही पैसे भरतो. हे त्याच्यावरही अन्याय आहे आणि तुमच्यावरही.

माझं म्हणणं, व्हिजिट फी सुरू करा. पहिले दोन-तीन फ्लॅट असेच दाखवा, त्यापुढे दिवसाचे पाचशे-हजार जे परवडेल ते घ्या, पावती द्या, आणि व्यवहार झाला तर ते दलालीतून वजा करा. ज्याला नुसतं फिरायचंय तो तिथेच थांबेल. बदल्यात दर कमी करा, आणि दाखवायच्या आधी मालकाकडून अ‍ॅग्रीमेंटची कॉपी, शेअर सर्टिफिकेटचे दोन्ही बाजूंचे फोटो, लोनची बाकी आणि पार्किंगचं लेखी मागून ठेवा. मालक कागद देत नसेल तर तो फ्लॅट यादीतून काढा. सुरुवातीला चार मालक रागावतील, पण राहिलेल्या फ्लॅटसाठी पार्टीला बोलवाल तेव्हा फाइल तुमच्या हातात असेल, आणि मग दर किती हे तुम्हाला समजावत बसावं लागणार नाही.